इंझोरीला पोचवून आलो

मी मॅट्रिकच्या वर्गात गेलो त्या वर्षी आमच्या शाळेत वर्धेकडचे एक नवे मास्तर आले. खादीचा सदरा, जाड काचांचा चष्मा, आणि बोलणं इतकं हळू की मागच्या बाकावरच्या पोरांनासुद्धा गप्प बसावं लागायचं. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातला एक तालुका होता आणि सगळं वऱ्हाड मध्य प्रदेशात होतं. मी शेलूबाजारचा. घरी कोरडवाहू शेती. शिकायला म्हणून वाशीमच्या बोर्डिंगात राहत होतो.

बोर्डिंगातल्या पोरांना रविवारी समाजसेवा करावी लागे. समाजसेवा म्हणजे खराटा. बाजाराची गल्ली झाडायची, कचरा एका कोपऱ्यात लोटायचा आणि दुसऱ्या दिवशी बकऱ्यांनी तो पुन्हा पसरलेला बघायचा. नव्या मास्तरांनी आल्या आल्याच खराटे भिंतीला टेकवून ठेवायला सांगितले आणि आम्हा चार-पाच जणांना तळ्याकाठच्या धर्मशाळेच्या ओसरीवर नेलं.

ओसरीवर सतरंजी अंथरलेली होती आणि तिच्यावर एक बाई बसली होती. तिशीची असेल. लुगडं नीट नेसलेलं, केस चापून बांधलेले. ती आमच्याकडे पाहून हसली आणि हसतच राहिली.

"ही माझी धाकटी बहीण," मास्तर म्हणाले. "हिला वेड लागलेलं नाही. लोक म्हणतात हिची समज लहान मुलाएवढी आहे, पण तेही खरं नाही. लहान मूल वाढतं. ही आता जशी आहे तशीच राहणार. हिला काय येत नाही ते सगळ्यांना माहीत आहे. काय येतं ते तुम्ही शोधून काढा."

अशा माणसांसाठी आज जे शब्द वापरतात ते तेव्हा आमच्या कानावरून गेले नव्हते. आमच्याकडे भोळा म्हणत, अर्धवट म्हणत, नाहीतर सरळ येडा म्हणत. आम्ही पोरं बावरून उभे राहिलो. हसू कुणालाच आलं नाही, कारण सगळ्यांना थोडी भीती वाटत होती. मग तीच उठली, आमच्यातल्या एकाचं मनगट धरून त्याला आपल्याजवळ बसवलं आणि त्याच्या सदऱ्याची तुटलेली गुंडी दोन बोटांनी चाचपत म्हणाली, "शिवून देऊ?" सुई तिच्या हाती कुणी देत नव्हतं, हे आम्हाला मागाहून समजलं.

असा तो रविवारचा वर्ग सुरू झाला. गावात बातमी फिरली, तशी आणखी दोन माणसं आली. एक म्हातारा कोष्टी आपल्या चाळिशीच्या लेकाला हाताला धरून आणायचा आणि वर्ग सुटेपर्यंत पायरीवर बसून राहायचा. आणि श्रावणात मानोऱ्याकडच्या इंझोरी गावचा एक माणूस आला. तो माझ्या वाट्याला आला, म्हणून त्याचं सांगतो.

त्याला त्याची थोरली बहीण घेऊन आली. तिचा नवरा वाशीमलाच कापसाच्या जिनिंगात कामाला होता आणि त्यांचं घर त्या कारखान्याच्या मागेच होतं. आम्ही तिला मावशी म्हणत असू. हा तिचा भाऊ पस्तिशीचा, हाडापेरानं दणकट. घाईघाईनं केलेल्या दाढीमुळं हनुवटीवर वस्तऱ्याच्या खुणा होत्या. एका मुठीत त्यानं कमरेजवळ धोतर गच्च धरून ठेवलं होतं आणि ती मूठ तो जेवतानासुद्धा सोडत नसे.

"त्याचं धोतर माय नेसवे," मावशी म्हणाली. "आता मी नेसवतो त ते सुटून जाते. माह्या हाताचं त्याले पटतच नाई."

मग मास्तरांना थोडं बाजूला घेऊन तिनं सांगितलं की माय आषाढात गेली. मायचं मढं अजून घरातच होतं तेव्हा याला गुळाचा खडा देऊन बैलबंडीत बसवलं आणि वाशीमला आणलं. तिरडी पाहून तो बिथरेल, अशी सगळ्यांना धास्ती होती. तेव्हापासून तो रोज विचारतो, आणि घरातलं जो तो त्याला सांगतो की माय गावाला गेली, येईल.

तिचं बोलणं पुरं व्हायच्या आतच तो माझ्याजवळ येऊन उभा राहिला. "गुर्जी," तो म्हणाला. आम्हा सगळ्या पोरांना तो गुर्जीच म्हणायचा. "माय कुठी हाये?"

मी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर त्याच्यासमोर मांडी घालून बसले आणि त्याचा मोकळा हात हातात घेऊन म्हणाले, "तुझी आई वारली. ती आता येणार नाही."

त्यानं मन लावून ऐकलं. मान हलवली. "हो," तो म्हणाला. "मंग येते कवा?"

मास्तरांनी पुन्हा सांगितलं. मेलेल्या बैलाचं उदाहरण देऊन सांगितलं. त्याच्या गावात कोण कोण मेलं होतं ते मावशीकडून काढून घेऊन, त्यांची नावं घेत सांगितलं. प्रत्येक वेळी तो हो म्हणायचा आणि प्रत्येक वेळी तेच विचारायचा. मावशी पदर तोंडाशी धरून उभी होती. शेवटी मास्तरांची बहीण, जी इतका वेळ आपल्या लुगड्याच्या काठाशी खेळत होती, मान वर न करताच म्हणाली, "माझीपण मेली. जाळून टाकली."

तो तिच्याकडे बघत राहिला. त्या दिवशी त्यानं परत विचारलं नाही. आम्हाला वाटलं, कळलं. पुढच्या रविवारी पायरी चढता चढताच त्यानं मला हाक मारली, "गुर्जी, माय आली काय?"

शिकवणं म्हणजे काय, हे मला तोवर ठाऊक नव्हतं, आणि त्या वर्षात ठाऊक झालं असंही म्हणवत नाही. धोतर त्याला जमणार नाही, हे उघड होतं. मास्तरांनी त्याला नाडीचा पायजमा शिवून आणला, आणि नाडी बांधायला शिकवायचं काम माझ्याकडे आलं. मी त्याच्या मागे उभा राहून, माझे हात त्याच्या कमरेभोवतून पुढे नेऊन, त्याची बोटं माझ्या बोटांत धरून गाठ मारायचो. मग म्हणायचो, आता तुमी. तो दोन्ही टोकं हातात घेऊन माझ्याकडे मान वळवून पाहायचा. घटस्थापनेच्या सुमारास एकदा त्याची गाठ बसली. ओसरीवर आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पायरीवरच्या म्हाताऱ्या कोष्ट्यानंसुद्धा. पण गाठ इतकी घट्ट बसली होती की ती कुणालाच सुटेना. त्याला घाईची लागली होती. तो तसाच नाचायला लागला, अखेर नाडी विळ्यानं कापावी लागली, आणि तो मात्र आनंदानं सगळ्यांना सांगत सुटला, "म्या बांदली! म्या बांदली!"

अंबाडीचा दोरही तो छान वळायचा. फक्त थांबायचं कधी, ते त्याला कळत नसे. अंबाडी संपली की तो सतरंजीच्या दशा ओढून त्याच वळायला घ्यायचा. पण मला त्याचा लळा लागला होता आणि त्यालाही माझा. मी सांगितलं की तो जेवायचा, मी सांगितलं की अंघोळीला बसायचा. मावशी म्हणायची, "माह्या घरी मी सांगून सांगून थकतो, अन् तुहं एका शब्दात आयकते."

दसरा झाला आणि मावशी एक दिवस आडवारी, रविवारची वाट न पाहता, शाळेतच आली. वर्गाबाहेर लिंबाच्या झाडाखाली उभी राहिली. मास्तरांनी मलाही बोलावून घेतलं.

"मास्तर, पोरीले पाहाले पाहुने येऊन राह्यले," ती म्हणाली. "पाहुने आले का हा त्याईच्या समोर जाऊन बसते. हाकलला त रडते, अंदर कोंडला त दार बडवते. परवा आलेले लोक चांगले होते. त्याईनं पानी बी नाई पेलं. म्हनाले, तुमच्या घरान्यात असं हाये त आमच्या घरात नको." तिचा आवाज फाटला. "पोरीनं दोन दिवस भाकर नाई खाल्ली. आता मी कोनाची होऊ, सांगा. पोरीची का भावाची?"

मास्तरांनी तिला आधी खाली बसवलं. मग म्हणाले, "चार दिवस द्या."

त्या चार दिवसांत मास्तर जिथं जिथं जाऊन आले तिथं मी त्यांच्याबरोबर होतो. बोर्डिंगाचे सुपरिंटेंडेंट म्हणाले, ही पोरांची जागा आहे, उद्या काही झालं तर जबाबदार कोण? धर्मशाळेचे पंच म्हणाले, रविवारी ओसरी वापरता त्याला आम्ही कधी ना म्हटलं नाही, पण कायमचं माणूस ठेवता येत नाही, वाटसरूंची जागा आहे. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर भले होते. त्यांनी त्याला तपासलं, जीभ बघितली, गुडघ्यावर टकटक केली आणि सांगितलं की या माणसाला आजार काहीच नाही, तेव्हा औषधही नाही. "नागपूरला वेड्यांचा दवाखाना आहे," ते म्हणाले, "पण हा वेडा नाही. आणि तिथं ठेवला तर होईल." वेडा नाही आणि शहाणाही नाही अशा माणसासाठी कुठं जागा आहे का, असं मास्तरांनी विचारलं. डॉक्टरांनी हात उघडून दाखवले.

परत येताना मी म्हणालो, "मास्तर, तुमच्याकडे?"

"माझी एक खोली आहे," मास्तर म्हणाले. "तिच्यात माझी बहीण राहते. तिथं परका पुरुष ठेवला तर पहिला दगड माझ्या घरमालकाचा येईल. आणि तो बहिणीला लागेल." ते तळ्याच्या कडेला थांबले. "रात्री मी हाच विचार करत होतो. मी गेल्यावर तिचं काय, याचंच उत्तर माझ्याकडे नाही. दुसऱ्याच्या बहिणीला मी काय सांगू?"

इतक्या मोठ्या माणसाला काही सुचत नाही, हे मी पहिल्यांदा पाहत होतो.

उरलं इंझोरी. तिथं त्याचा धाकटा भाऊ होता, वडिलांचं घर होतं, शेत-वावर होतं. आता अडचण अशी की मावशीच्या नवऱ्याबरोबर तो मोटारीत चढेना. दोनदा अड्ड्यापर्यंत नेलं आणि दोन्हीदा तो रस्त्यावर बसला. मग मला विचारलं. मी हो म्हणालो. मी बरोबर असलो तर तो घाबरणार नाही, एवढं तरी आपल्या हातात आहे, असं मला वाटलं.

दिवाळीच्या आधीचे दिवस होते. सर्व्हिस मोटार सकाळी सुटायची. मी आधी चढलो आणि हात पुढे केला, तसा तो निमूट वर आला. मावशीचा नवरा मागं बसला. मावशी अड्ड्यावर आली नव्हती. "कुठी जाऊन राह्यलो?" त्यानं विचारलं. "इंझोरीले," मी म्हणालो. ते ऐकल्यावर त्याचं तोंड असं उजळलं की मला दुसरीकडे बघावं लागलं.

"मायकडे," तो शेजारच्या उतारूला म्हणाला. "मायकडे जातो मी." उतारू म्हणाला, "जा बाप्पा, जा."

मी त्याचा हात धरून म्हणालो, "माय नाही तिथं. आठवतं ना, मास्तरांनी काय सांगितलं?" तो म्हणाला, "हो," आणि खिडकीबाहेर तोंड काढून वारा खाऊ लागला. दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती, कणसं भरत आली होती. पाखरांचे थवे उठले की तो ओरडायचा आणि आख्खी मोटार हसायची. त्या प्रवासात तो जितका खुशीत होता तितका मी त्याला ओसरीवर कधी पाहिला नव्हता.

शेलूबाजारला मोटार थांबणार, म्हणून मी घरी निरोप धाडला होता. माय आणि बाबा शिदोरी घेऊन रस्त्यावर उभे होते. माझी माय डोक्यावरून पदर घेऊन मोटारीजवळ आली, आणि हा एकदम उठला. "माय!" तो ओरडला आणि लोकांच्या पायांवरून उतरायला निघाला. मी आणि मावशीच्या नवऱ्यानं त्याला खांद्यांना धरलं.

माझी माय घाबरली नाही. तिनं खिडकीतून हात आत घालून त्याच्या गालाला लावला. "नाई रे लेकरा," ती म्हणाली. "मी याची माय हावो."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "याची माय," तो म्हणाला. "माही कुठी?"

तिनं शिदोरी त्याच्या मांडीवर ठेवली.

मी खाली उतरलो आणि बाबांना बाजूला घेऊन म्हणालो, "बाबा, आपल्या घरी ठेवला त? वावरात काम करेल. माहं आयकते तो."

"तू त वाशीमले राह्यतं," बाबा म्हणाले. रागावले नाहीत. "आमचं आयकीन काय? अन् आज ठेवू, उद्या ठेवू, मंग? त्याचा सख्खा भाऊ हाये, बापाच्या वावरात त्याचा हिस्सा हाये. आपल्या घरी ठेवला त उद्या तो हिस्साबी जाईन त्याचा. तुले चांगलं करा लागते, समजते मले. पन जाऊ दे त्याले त्याच्या घरी."

मी परत मोटारीत चढलो. ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. मोटार निघाली तेव्हा माय थोडं अंतर तिच्याबरोबर चालत आली.

मंगरूळला उतरून पुढं मानोऱ्याच्या वाटेनं जाणारी एक रिकामी बंडी मिळाली. गाडीवान त्यांच्याच गावाकडचा होता. गाव दिसू लागलं तसा तो बंडीत उभा राहिला. पहिल्या घरापाशी त्यानं चालत्या बंडीतून उडी मारली आणि धावत सुटला. मीही धावलो.

वाट त्याला पाठ होती. गल्ली, मग वळण, मग मारुतीचा पार, मग घर. दार उघडं होतं. तो सरळ आत गेला. चुलीपाशी त्याची भावजय बसली होती, ती दचकून भिंतीला लागली. त्यानं चुलीमागं बघितलं. माजघरात गेला. जात्याजवळ गेला. कणगीच्या मागं वाकून पाहिलं, कणगीचं झाकण काढून आत पाहिलं. मागच्या दारानं गोठ्यात गेला, गुरांच्या मधून फिरला. पोरं त्याच्या मागं मागं हसत फिरत होती, मग त्यांचं हसणं आपोआप थांबलं. मी अंगणात उभा होतो.

तो बाहेर आला. माझ्यासमोर उभा राहिला.

"गुर्जी," तो म्हणाला, "माय नाई."

इतके महिने आम्ही त्याला जे सांगत होतो ते त्यानं मला सांगितलं. मी फक्त मान हलवली.

तेवढ्यात धाकटा भाऊ वावरातून आला. काळासावळा, थकलेला माणूस. थोरल्या भावाला पाहून क्षणभर त्याच्या तोंडावर आनंद आला, आणि भाटव्याकडं, मावशीच्या नवऱ्याकडं, लक्ष गेल्यावर हे कशासाठी आलेत ते त्याला कळलं. तरी आधी त्यानं सगळ्यांना पाणी दिलं. मग माझं बोलणं ऐकून घेतलं आणि भावाचा हात धरून त्याला नाल्याकडं घेऊन गेला. मी मागोमाग गेलो.

नाल्याच्या काठी पळसाच्या झुडपांपाशी एक काळपट जागा होती, पावसानं बरीचशी धुऊन नेलेली. "इथं जाळलं मायले," धाकटा म्हणाला. "तू नोयता तवा."

थोरला खाली बसला. तळहातानं तिथली माती सारखी केली, जशी बाया अंगण सारवतात तशी. पुष्कळ वेळ तो तेच करत राहिला. धाकट्यानं डोळे पुसले. मला वाटलं, आता हा रडेल, आणि रडला तर बरं होईल. पण तो उठला, हात झटकले आणि म्हणाला, "भूक लागली."

घरी भाकरी आणि चून म्हणजे पिठलं वाढलं. तो जेवत असताना धाकटा भाऊ ओट्यावर आमच्याशी बोलला. "भाऊजी, ठेवतो मी. माहा भाऊ हाये, नाई कसा म्हनू? पन घरात नाई जमाचं. बायको भेते, लेकरं भेतेत. वावरात निजाले खोपडी हाये. पाखरं राखीन. दोन टाईम भाकर पाठवतो."

मी म्हणालो, "पायजम्याची नाडी तो आता स्वतः बांधतो. अंघोळीला सांगावं लागतं. अंधाराला घाबरतो." काय काय सांगावं ते सुचत होतं आणि ते सांगून काही होणार नाही, हेही कळत होतं. भाऊ प्रत्येक गोष्टीला "हो जी, हो जी" म्हणत होता. माझ्यासारख्या पोराला तो जी म्हणत होता, त्याचंच मला ओझं झालं.

आम्ही निघालो तेव्हा तो दुसरी भाकर खात होता. मी म्हणालो, "येतो मी." त्यानं मान वर केली नाही.

वाशीमला येऊन मी मास्तरांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अभ्यासाला लाग आता." रविवारी ओसरीवर मला कोष्ट्याच्या लेकाकडं बसवलं. मास्तरांची बहीण दर वेळी इंझोरीच्या माणसाची जागा हातानं झटकून ठेवायची आणि तिथं कुणाला बसू द्यायची नाही.

मावशीच्या मुलीचं लग्न चैत्रात झालं. चांगलं स्थळ मिळालं. मी मॅट्रिकची परीक्षा देऊन निकालाची वाट पाहत होतो, तेव्हा मावशी शेलूबाजारला आमच्या घरी आली. बरोबर लग्नातली बुंदी होती.

"पोरगी उजवली," ती म्हणाली. "आता घर मोकळं झालं. आनतो मी त्याले वापस. तू चाल माह्यासंगं. तुहं आयकते तो."

मला इतका आनंद झाला की मी तसाच निघालो. वाटेत ती सारखी बोलत होती. त्याची बाज कुठं टाकायची, रविवारी त्याला वर्गाला कसं आणायचं, मास्तरांना काय सांगायचं. "नवरा बी काई म्हनत नाई आता," ती म्हणाली. "म्हने आन."

वैशाखातलं ऊन होतं. वावरं नांगरून उघडी पडली होती. धाकटा भाऊ आम्हाला धुऱ्यावरून, वावराच्या बांधावरून, घेऊन गेला आणि लांबूनच मला त्याचं ओरडणं ऐकू आलं. हाऽ हाऽ, पाखरं हाकलतात तसं. वावरात एक कणीस नव्हतं, एक पाखरू नव्हतं. ढेकळांकडं तोंड करून तो ओरडत होता आणि गोफण फिरवत होता. गोफणीत दगडही नव्हता.

"पीक निंगालं तवापासून सांगून राह्यलो, आता राखाची गरज नाई," भाऊ म्हणाला. "आयकत नाई."

तो काळा ठिक्कर पडला होता, दाढी छातीवर आली होती. पण मला पाहून लगेच हसला. "गुर्जी!" मग मावशीला पाहिलं. ती त्याच्यासमोर बसली, बुंदीचं फडकं सोडलं, त्यानं सगळी बुंदी खाल्ली. शेवटचे दाणे त्यानं मातीतून वेचून खाल्ले.

"चाल," मावशी म्हणाली. "वाशीमले चाल. घरी."

"नाई," तो म्हणाला.

आम्ही हसलो. वाटलं, समजलं नसेल. मी पुढं झालो, हात पुढं केला. "चला, मोटारीत बसू."

त्यानं माझ्या हाताकडं पाहिलं, आणि मागं सरकला. "माय इथं हाये," तो म्हणाला, आणि नाल्याच्या बाजूला बोट केलं.

मावशी समजावत होती, चुचकारत होती, रागावत होती. ऊन चढत होतं. शेवटी धाकटा म्हणाला, "असा नाई येनार तो," आणि त्यानं एक दंड धरला, मावशीनं दुसरा. ज्या माणसानं ओसरीवर कधी कुणाला ढकललंसुद्धा नव्हतं, त्यानं दोघांना झटकून दिलं, पळत जाऊन धुऱ्यावरच्या बाभळीला मिठी मारली आणि गुरासारखा ओरडायला लागला. काटे दंडात, छातीत घुसत होते. ते दोघं त्याला ओढत होते, आणि जितकं ओढत होते तितका तो झाडाला चिकटत होता.

"सोडा!" मी ओरडलो. "सोडा त्याला."

त्यांनी सोडलं. मावशी तिथंच ढेकळांत बसली. "मीच काढला घरातून," ती म्हणाली. "आता मीच आनाले आली, अन् आता तो येत नाई. काय करा आता? सांग न, काय करा?"

ती मला विचारत होती. मी सतरा-अठरा वर्षांचा होतो. मला विचारणारी ती पहिलीच मोठी बाई. त्याला जबरदस्तीनं नेणं बरोबर की तसाच उन्हात ठेवणं बरोबर, ते मला तेव्हा कळलं नाही, अजूनही कळत नाही. तो तिथं सुखी होता का? की दुसरं काही असू शकतं, हेच तो विसरून गेला होता? त्याला विचारून कळण्यासारखं ते नव्हतं.

थोड्या वेळानं तो आपणहून झाडापासून सुटला आणि सावलीत येऊन बसला. मावशीनं विहिरीचं पाणी आणवलं. त्याचं डोकं मांडीवर घेऊन काटे काढले, केस धुतले, बोटांनी गुंता सोडवत बसली. तो डोळे मिटून पडून राहिला. परतीची वेळ झाली तसं भावानं तिला उठवलं. "बाई, ठिऊ दे. मी हाये न." ती उठली. आम्ही धुऱ्यावर पोचलो नाही तोच मागून पुन्हा हाऽ हाऽ सुरू झालं.

राज्यांची फेररचना झाली, वऱ्हाड मुंबई राज्यात गेलं, आणि त्याच सुमारास मास्तरांची बदली लांब झाली. बहिणीला घेऊन ते गेले. ओसरीवरचा वर्ग आणखी काही रविवार मागं राहिलेल्या पोरांनीच चालवला. मग तेही एकेक पांगले. कोष्टी वारला. त्याचा लेक त्याच्या पुतण्याच्या मागापाशी बसलेला दिसायचा. मी तोवर अमरावतीला कॉलेजात गेलो होतो.

पुढं एकदा सुट्टीत मंगरूळच्या बाजारात तो धाकटा भाऊ भेटला. बैल विकायला आला होता. त्यानंच मला ओळखलं आणि ओढत हॉटेलात नेऊन चहा पाजला. मी विचारलं, "भाऊ कसे आहेत?"

"हाये," तो म्हणाला. "चांगला हाये."

मी आणखी काही विचारावं म्हणून तो थांबला, असं मला वाटलं. चांगला म्हणजे कसा? कुठं झोपतो? आजारी पडला तर? एकही प्रश्न माझ्या तोंडून निघाला नाही, कारण त्याचं उत्तर काहीही आलं असतं तरी मी चहा पिऊन अमरावतीलाच जाणार होतो. मग तो कपाशीचं बोलला, बैलाचं बोलला. त्याच्या गावाची मोटार लागली तसा उठला, मला नमस्कार केला आणि गर्दीत शिरला.